परासरण

पेशीत पाणी आत-बाहेर होण्याच्या क्रियेला परासरण किंवा तर्षण म्हणतात. पेशीचे पटल पाण्याला वाट देते, मीठ-साखरेला सहसा अडवते. म्हणून पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी आपोआप सरकते. पेशीला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की पातेल्याच्या बुडाशी पाणी सुटते, ते यामुळेच.

फ्रान्समधील नोले यांनी 1748 मध्ये ही क्रिया प्राण्याच्या मूत्राशयाच्या पडद्यावर पाहिली होती. पेशीत मात्र पाण्याचा मोठा ओघ अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनांच्या सूक्ष्म वाटांतून वाहतो, हे उलगडायला 1992 उजाडले. त्याबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात फुगून फुटतात, म्हणून शिरेतून देण्याच्या सलाईनमध्ये 0.9 टक्के मीठ असते. वनस्पतीची पेशी भिंतीमुळे फुटत नाही, ताठ होते. पाणी गेले की पान मलूल पडते.

मुळांच्या पेशीतला रस मातीतल्या ओलीपेक्षा दाट असेल तरच मूळ पाणी ओढते. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात निचऱ्याअभावी काही जमिनी चिबड, खारवट झाल्या. तिथे ओल हाताला लागते, पण क्षारांमुळे पिकाच्या वाट्याला येत नाही. बुडाशी युरिया जास्त पडला तरी रोप करपते.

मराठवाड्यातल्या कपाशीचा आकस्मिक मर याहून चमत्कारिक. पावसाचा लांब खंड, मग एक जोराचा पाऊस. काळ्या रानात पाणी साचते आणि हिरवीगार, बोंडांनी लदलेली झाडे एक-दोन दिवसांत माना टाकतात. पाण्यात बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळत नाही, पेशीद्रव आम्लधर्मी होतो, अ‍ॅक्वापोरिनच्या वाटा मिटतात. ही विकृती आहे, बुरशीचा रोग नव्हे. त्यामुळे शेतकरी घाईने फवारणीची बाटली आणतो ती बहुधा वाया जाते. आधी चर काढून पाणी रानाबाहेर काढावे आणि वापसा येताच खोडाजवळची माती मोकळी करावी. वेळेवर केले तर बरीच झाडे सावरतात.

गावोगावच्या आरओ यंत्रात हीच क्रिया दाब देऊन उलटी फिरवतात: क्षाराच्या बाजूचे पाणी पडद्यातून गोड्या बाजूला ढकलले जाते. मागे उरलेले दाट पाणी बहुतेक ठिकाणी नालीत जाते. टँकरच्या दिवसांत ते निदान धुण्याला तरी वापरावे.