पादचारी क्षेत्र

पादचारी क्षेत्र : शहराच्या मध्यवस्तीतील, बहुधा बाजारपेठेतील, मोटारींना बंद करून चालणाऱ्यांसाठी राखलेला रस्ता किंवा रस्त्यांचा समूह. ही बंदी क्वचितच संपूर्ण असते. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबाला वाट मोकळी ठेवावी लागते, रहिवाशांना परवाने द्यावे लागतात. इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावर तर १९९० पासून जुन्या धाटणीची ट्राम गर्दीतूनच वाट काढते. मालाच्या गाड्यांना सहसा सकाळी दुकाने उघडेपर्यंत मुभा असते.

हा शेवटचा प्रश्न मोटारीहून पुष्कळ जुना. जूलियस सीझरच्या काळातील कायद्याने रोममध्ये सूर्योदयापासून दिवसाचे पहिले दहा तास गाड्यांना मज्जाव केला होता. रस्ते मोकळे झाले. खडखडाट रात्रीवर गेला आणि रोमकरांची झोप उडाली.

आधुनिक पादचारी रस्त्यांना खरी चालना युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांत मिळाली. १९४० च्या बाँबहल्ल्यात रॉटरडॅमचे मध्यवर्ती शहर जमीनदोस्त झाले होते. तिथे १९५३ मध्ये ‘लाइनबान’ ही पेठ मुळातच मोटारींशिवाय आखली गेली. त्याच वर्षी जर्मनीतील कासल येथे पायऱ्यापायऱ्यांचा ‘ट्रेपेनश्ट्रासे’ खुला झाला. कोऱ्या जागेवर हे तुलनेने सोपे होते. वाहता रस्ता बंद करणे ही वेगळीच गोष्ट.

कोपनहेगनने ती १७ नोव्हेंबर १९६२ रोजी केली. ‘स्ट्रॉयेट’ हा किलोमीटरभराहून थोडा लांब रस्ता प्रयोग म्हणून बंद झाला. दुकानदार खवळले. धंदा बुडेल, आणि या थंड देशात इटलीतल्यासारखे रस्त्यावर रेंगाळणार तरी कोण, असा त्यांचा सवाल होता. १९६४ मध्ये बंदी कायम झाली आणि पुढे आसपासचे रस्ते व चौकही हळूहळू चालणाऱ्यांकडे आले. ब्राझीलमधील कुरिचिबाचे महापौर जाइमे लेर्नर यांनी मात्र १९७२ मध्ये धीर धरला नाही. शुक्रवारी संध्याकाळी कामगार लावून त्यांनी बहात्तर तासांतच मुख्य पेठेचा रस्ता पालटून टाकला. चिडलेल्या मोटारवाल्यांनी गाड्या घुसवण्याची भाषा केली, तेव्हा रस्त्यावर कागद अंथरून मुलांना चित्रे काढायला बसवण्यात आले. गाड्या आल्या नाहीत.

अमेरिकेत हा प्रयोग बहुतांशी फसला, आणि तो का फसला हे यशाच्या कहाण्यांपेक्षा जास्त शिकवणारे आहे. कॅलमझू गावाने १९५९ मध्ये वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन यांच्या आराखड्यावरून मुख्य रस्ता बंद केला. आराखड्यात पेठेभोवती वळणरस्ता आणि वाहनतळही होते. प्रत्यक्षात उतरला तो मुख्यतः पादचारी पट्टाच. शिवाय गिऱ्हाईक तोवर मोटारीतून उपनगरांकडे वळू लागले होते, तिथल्या बंदिस्त मॉलकडे. अशा मॉलचा आद्य नमुना १९५६ मध्ये उभारणारेही ग्रूएनच! १९९८ मध्ये कॅलमझूच्या या रस्त्याच्या काही भागावर गाड्या परतल्या. शिकागोचा स्टेट स्ट्रीट १९७९ मध्ये खासगी मोटारींना बंद झाला आणि १९९६ मध्ये पुन्हा उघडला. बोल्डर, बर्लिंग्टन अशा विद्यापीठांच्या गावांतील पेठा मात्र टिकल्या. जिथे माणसे पायी येण्याइतकी जवळ राहतात किंवा चांगल्या बस-रेल्वेने येऊ शकतात, तिथेच बंदी रुजते. नुसती फरशी बदलून पेठ भरत नाही.

अडवलेली सगळी रहदारी शेजारच्या गल्ल्यांत तुंबेल, हा नेहमीचा आक्षेप. १९९८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी अनेक शहरांचे अनुभव तपासले, तेव्हा तिच्यातला काही भाग नाहीसाच झालेला आढळला. लोक वेळ बदलतात, साधन बदलतात, काही फेऱ्या टाळतात. मात्र हे सरासरीचे बोलणे झाले. एखाद्या गल्लीच्या वाट्याला जास्तीचा ताप येतोच.

स्पेनमधील पोंतेवेद्राने १९९९ पासून एका रस्त्याऐवजी जुने गावच चालणाऱ्यांना दिले. कडेला मोफत वाहनतळ ठेवले आणि दोन ठिकाणांमध्ये चालायला किती मिनिटे लागतात हे दाखवणारे नकाशे लावले.

यशाचीही किंमत असते. भाडी चढतात, छोटे दुकानदार हटतात आणि साखळी दुकाने येतात. वरच्या मजल्यांवर वस्ती उरली नाही तर दुकाने मिटल्यावर रस्ता ओस पडतो. २०१६ च्या नीस येथील ट्रकहल्ल्यानंतर प्रवेशापाशी भक्कम खांब रोवणे वाढले. अंध व्यक्तींची अडचण अधिक सूक्ष्म : पदपथाची कड ही त्यांची खूण असते आणि सपाट फरसबंदीत तीच पुसली जाते, म्हणून उंचवट्यांच्या मार्गदर्शक फरश्या लागतात. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्ल्याना येथे विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मोफत फिरतात. हात केला की थांबतात.