थर्मोकपल अन् पीटी १००: तांब्याची वायर कुठं चालते, कुठं नाही

परवा पुन्हा तेच झालं. एका राइस मिलमधून फोन, "भाऊ, थर्मोकपल गेलं, येताना नवीन घेऊन या." मी घेऊन गेलो, डोक्याचं झाकण उघडलं तं आत तीन वायर, म्हणजे ते थर्मोकपल नव्हतंच, पीटी १०० होतं. पुन्हा तीस किलोमीटर गाडी हाणा. पूर्ण दोष फोन करणाऱ्या पोराचाही नाही म्हणा, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, स्टीलची नळी, वर ॲल्युमिनियमचं डोकं, आत पितळी स्क्रू, अन् आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडं दुकानदारापासून फोरमनपर्यंत सगळेच दोघांनाही एकतर "सेन्सर" म्हणतात नाही तं सरसकट "थर्मोकपल". दोघांचं काम एकच आहे, टेंपरेचर सांगणं, पण सांगायची रीत एवढी वेगळी आहे की एकाची वायरिंग दुसऱ्याला केली की बोंबच.

पीटी १०० तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. प्लॅटिनमचा बारीक रेझिस्टन्स, ० डिग्रीला १०० ओम, १०० डिग्रीला १३८.५ ओम, म्हणजे डिग्रीमागं ०.३८५ च्या आसपास. कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधला आकडा दाखवणारा डबा, ओम मोजते अन् टेंपरेचर दाखवते. तिसरी वायर असते ती केबलचे ओम वजा करायला, कारण केबलनं एक ओम जास्तीचा घातला की रीडिंग अडीच डिग्रीनं चढते. झालं पीटी १००.

थर्मोकपलमधी ओमचा काही संबंध नाही. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, एका टोकाला वेल्डिंगनं जोडलेल्या. आपल्याकडं जास्त करून के टाइप भेटते, त्यात एक तार क्रोमेलची अन् दुसरी ॲल्युमेलची. टोक तापलं की दुसरीकडं मिलिव्होल्ट भेटतात, डिग्रीमागं साधारण ०.०४१ मिलिव्होल्ट. इथपर्यंत आयटीआयच्या पोरालाही येते.

गडबड पुढं आहे. दहातले नऊ जण समजतात की ते व्होल्टेज टोकावरच्या वेल्डिंगच्या मण्यात तयार होते अन् तार ते फक्त वाहून आणते, बोअरचं पाणी पाईपातून यावं तसं. हे साफ चूक आहे. मणा फक्त दोन तारा जोडून ठेवते. व्होल्टेज तयार होते तारेच्या अंगात, जिथं जिथं तार गरम जागेतून थंड जागेत जाते त्या सगळ्या लांबीत थोडं थोडं. दोन्ही तारा एकाच धातूच्या असत्या तं दोघींत सारखंच तयार झालं असतं अन् एकमेकीला खाऊन शून्य उरलं असतं, म्हणून धातू वेगळे घ्यावे लागतात. म्हणजे सेन्सर ते टोक नाही, सेन्सर ही अख्खी तार आहे, भट्टीतल्या टोकापासून पॅनेलमधल्या टर्मिनलपर्यंत. (ज्याच्या नावानं हा परिणाम ओळखतात त्या झेबेकलाही १८२१ मधी जवळच्या कंपासची सुई हलली म्हणून हे चुंबकाचंच काम वाटलं होतं, तेव्हा आपण गोंधळलो तं फार लाज वाटायला नको.)

यातून दुसरी गोष्ट निघते. थर्मोकपल टेंपरेचर सांगतच नाही, ते फरक सांगते, गरम टोक अन् टर्मिनल यांच्यातला. विहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली आहे हे मोजतो ना, तसं. दोर पाणी काठापासून किती खाली ते सांगते, काठ स्वतः किती उंच ते तुम्हाला वेगळं माहीत असावं लागते. हा काठ म्हणजे कंट्रोलरच्या मागचं टर्मिनल. तिथलं टेंपरेचर मोजायला कंट्रोलरच्या आत एक बारका सेन्सर बसवलेला असते, अन् कंट्रोलर ते त्यात मिळवून मग आकडा दाखवते. याला कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन म्हणतात, नाव मोठं अन् काम एवढंच. विश्वास नसंल तं थर्मोकपल काढा अन् कंट्रोलरच्या दोन टर्मिनलला वायरचा तुकडा लावून शॉर्ट करा. शून्य नाही येणार, पॅनेलमधलं टेंपरेचर येईल, मे महिन्यात सरळ ४५ दाखवंल.

आता तांब्याची वायर का चालत नाही ते पाहा. धानाच्या भुश्यावरची भट्टी आहे, थर्मोकपलचं डोकं भट्टीच्या भिंतीला, म्हणजे डोक्यातच ८० डिग्री. पॅनेल पंधरा मीटर लांब, तिथं ४५. वायरमन म्हणते दोनच तर वायर आहेत, अन् साधी तांब्याची फ्लेक्झिबल ओढून देते. दोन्ही तारा तांब्याच्या, म्हणजे डोक्यापासून पॅनेलपर्यंत जो ८० वरून ४५ चा उतार आहे त्याचं व्होल्टेज शून्य. दोराचा मधला तुकडा मोजलाच नाही. कंट्रोलर इमानदारीनं आपले ४५ मिळवते, पण मधले ३५ गेले ते गेले. भट्टी ६०० ला असंल तं दाखवणार ५६५. म्हणून डोक्यापासून पॅनेलपर्यंत त्याच जातीची केबल लागते, के ला के ची. तिला एक्स्टेन्शन केबल म्हणा की कॉम्पेन्सेटिंग, धातूत फरक असते पण त्यावर भांडत बसू नका, टाइप बरोबर आणा म्हणजे झालं. अन् पीटी १०० ला? तिथं सेन्सर फक्त टोकात आहे, वायर नुसता रस्ता आहे, खुशाल तांबं ओढा, तीन सारख्या वायर ओढा म्हणजे झालं.

यावर आमच्याकडचा आवडता इलाज म्हणजे ऑफसेट, कंट्रोलरच्या आकड्यात कायमचा ठरावीक आकडा मिळवून ठेवणं. "३५ कमी दाखवून रायलं ना, मंग टाका प्लस ३५." मला याचा भयंकर राग येते. एका उसना (उकड्या तांदळाच्या) मिलमधी मे महिन्यात कोणीतरी असं करून ठेवलं होतं, सगळे खूश. डिसेंबरात पहाटे पॅनेल १२ डिग्रीवर, डोकं ६० वर, म्हणजे चूक झाली ४८ ची, ऑफसेट तोच ३५ चा. दुपारी वेगळं, रात्री वेगळं. मालक म्हणते कंट्रोलर खराब, दोन कंट्रोलर बदलले त्यानं. मी गेलो तं पाह्यलं की केबलच तांब्याची.

आणखी एक चूक, ही जास्त बेकार. केबल के चीच आणली पण प्लस-मायनस उलटं, आणि तेही दोन्ही टोकांना. एका टोकाला उलटं असतं तं भट्टी तापताना आकडा खाली गेला असता अन् लगेच समजलं असतं. दोन्हीकडं उलटं असलं की आकडा वरच चढते, फक्त चूक दुप्पट होते, ३५ च्या जागी ७० कमी. रंगावर जाऊ नका. अमेरिकन पद्धतीच्या के केबलमधी पिवळी प्लस अन् लाल मायनस असते, अन् आपला वायरमन लाल दिसली की ती प्लसलाच ठोकणार, त्याचा हात तसाच बसला आहे. दुसऱ्या पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. त्यापेक्षा खिशात लोहचुंबकाचा तुकडा ठेवा. थर्मोकपलच्या ज्या तारेला चुंबक चिकटते ती ॲल्युमेल, म्हणजे मायनस. ही युक्ती के टाइपची आहे बरं, जे टाइपमधी उलटं आहे, तिथं लोखंडाची तार प्लस असते अन् ती चिकटते.

अन् उंदीर. केबल मधात तुटली तं कंट्रोलर ओपन, म्हणजे सर्किट तुटलं असं दाखवते, ते बरं. पण उंदरानं इन्सुलेशन खाऊन दोन तारा मधातच एकमेकीला टेकल्या की तोच नवा मणा झाला, अन् कंट्रोलर त्या जागेचं टेंपरेचर दाखवत बसते. भट्टी ७०० ला जाऊ दे, स्क्रीनवर ५०, अन् ब्लोअर सुरूच. म्हणून भट्टी लाल दिसते अन् आकडा थंड आहे असं झालं की पहिले केबल पाहा.

कुठं कोणतं लावायचं याचा माझा हिशोब सोपा आहे. धान भिजवायची टाकी, ड्रायरची हवा, दूध संकलनाचा चिलर, संत्र्याचं कोल्ड स्टोरेज, इथं पीटी १००. तिथं दोन डिग्रीनंही फरक पडते, अन् के टाइपच्या साध्या क्लासमधी कमीत कमी अडीच डिग्रीच्या चुकीची सूट असते. भट्टी, चिमणीचा धूर, बेकरीची भट्टी, वीटभट्टी, इथं थर्मोकपल, के हजारच्या वरही काम करते. जे टाइप प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर ठीक, पण आपल्या पावसाळ्यात लोखंडाची तार गंजते, मी स्वतः जे टाळतो. पोलाद वितळायच्या भट्टीत प्लॅटिनम-ऱ्होडियमचं एस टाइप, ते आपल्या मिलच्या बजेटचं नाही. काही गॅस भट्ट्यांतही बर्नरजवळ छोटं थर्मोकपल असते, ज्योत विझली की मिलिव्होल्ट संपतात अन् व्हॉल्व्ह बंद. तिथं तं कंट्रोलर नाही की बॅटरी नाही.

अन् फोन करायच्या आधी हे एवढं करा. सेन्सरच्या वायर डोक्यातच सोडवा, मीटर ओमवर लावा. दोन वायरमधी एक-दोन, फार तं आठ-दहा ओम आले तं थर्मोकपल. तीन वायर आहेत, दोन लालमधी जवळपास शून्य अन् लाल-पांढऱ्यात १०० च्या वर, तं पीटी १००. उन्हाळ्यात ४२ डिग्रीला ११६ येते, त्याला खराब समजून फेकू नका, एकानं दोन फेकले होते, मी उचलून आणले, दोन्ही चालू आहेत.