फुटेज ‘झूम’ केलं की नंबर दिसतो?

सोसायटीत दुचाकी चोरीला गेली की कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास मेसेज पडतो: ‘फुटेज झूम करा, चोराच्या गाडीचा नंबर दिसेल.’ मालिकांतल्या इन्स्पेक्टरांनी हा समज चांगलाच रुजवलाय. पण तो खोटा आहे.

गेटवरच्या नेहमीच्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल, म्हणजे ठिपके, रुंद असतं. लेन्स ९० अंशांचा परिसर टिपत असेल, तर १५ मीटरवर ती ३० मीटर रुंदी व्यापते. म्हणजे एका मीटरला ६४ पिक्सेल. कारची नंबरप्लेट अर्ध्या मीटरची, तिच्या वाट्याला ३२. त्यात दहा अक्षरं-आकडे बसवायचे, म्हणजे प्रत्येकी जेमतेम तीन ठिपके! दुचाकीची प्लेट तर त्याहून लहान. नंतर झूम केलं तरी तेच ठिपके मोठे होतात, नवीन माहिती कुठून येणार? एआयने चित्र ‘साफ’ केलं, तर ते अक्षरं अंदाजाने भरतं. अशा अंदाजावर कुणाला चोर ठरवू नये.

रात्री आणखी पंचाईत. कॅमेऱ्याचा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश चकचकीत प्लेटवरून परततो आणि प्लेट नुसती पांढरी दिसते.

नंबर हवाच असेल तर गेटच्या अरुंद वाटेवर, कमी उंचीवर, लांब फोकल लेन्थचा (अरुंद भाग मोठा टिपणारा) आणि वेगवान शटरचा (धावती गाडी पुसट न करणारा) वेगळा कॅमेरा लावा. आणि चोरी झाली की फुटेज लगेच पेनड्राइव्हवर काढून घ्या. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्र, जुनं पुसून त्यावरच नवं लिहितं.