दोन डोस घेतलेला हॉस्पिटल स्टाफ पॉझिटिव्ह का येत राहिला: तिसऱ्या डोसच्या नऊ महिन्यांच्या अटीची पार्श्वभूमी

जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबई-पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलांमधे शेकडो रेसिडेंट (शिकता शिकता काम करणारे डॉक्टर) एकदम पॉझिटिव्ह आले, सोबत सिस्टर, टेक्निशियन, मामा-मावश्या (वॉर्डबॉय आणि आया). जवळपास सगळ्यांचे दोन डोस झालेले. तेव्हा सगळ्यांनी कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकारावर बोट ठेवलं. ओमिक्रॉन जबाबदार होताच, पण ही वेळ का आली हे समजायला आधीचं वर्ष बघावं लागतं.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं तेव्हा पहिला नंबर हॉस्पिटलवाल्यांचाच होता. पण पहिल्याच दिवशी लसीकरणाच्या नोंदणीचं कोविन ॲप अडकलं आणि महाराष्ट्रात दोन दिवस लसीकरण थांबवावं लागलं. शिवाय कोव्हॅक्सिन घ्यायची तर मार्चपर्यंत संमतीपत्रावर सही करावी लागायची, त्यामुळे बरेच डॉक्टरसुद्धा थांबून बघू म्हणत होते. दुसरे डोस १३ फेब्रुवारीपासून सुरू झाले आणि नेमकं त्याच सुमारास अमरावती-अकोल्यात पेशंट वाढायला लागले. म्हणजे दुसरी लाट आली तेव्हा कुणाचे दोन डोस झालेले, कुणाचा एक, कुणाचा एकही नाही, आणि ड्यूटी मात्र सगळ्यांना सारखीच.

२१ एप्रिल २०२१ ला केंद्राच्या पत्रकार परिषदेत आकडे दिले गेले: कोव्हिशिल्डचे दोन डोस झालेल्यांपैकी ०.०३ टक्के पॉझिटिव्ह, कोव्हॅक्सिनचे ०.०४ टक्के. दहा हजारात तीन-चार जण. लोकांची लसीबद्दलची भीती जावी म्हणून ते सांगणं गरजेचं होतं हे मान्य, पण यात डोस घेतलेल्या सगळ्यांची टेस्ट झालेली नव्हती, ज्यांची झाली आणि नोंद झाली तेवढेच मोजले, आणि घरी बसलेले आजोबा आणि कोविड वॉर्डातली सिस्टर एकाच आकड्यात टाकले. तिकडे वेल्लोरच्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजने स्वतःचा स्टाफ मोजला तर दोन्ही डोस झालेल्या ७,०८० जणांपैकी ६७९ जणांना मे पर्यंत लागण झालेली, म्हणजे ९.६ टक्के. त्याच पाहणीत ॲडमिट करावं लागण्यापासून ७७ टक्के आणि आयसीयूपासून ९४ टक्के संरक्षण दिसलं, त्यामुळे लस काम करत होती यात काही वादच नाही. पण संसर्गापासून संरक्षण फक्त ६५ टक्के. हॉस्पिटल चालवणाऱ्याला हाच आकडा महत्त्वाचा, कारण सौम्य ताप आलेली सिस्टरही तितकेच दिवस घरी बसते. 'सौम्य आहे, काळजी नको' हे पेशंटपुरतं ठीक होतं, वॉर्डाच्या ड्यूटी लिस्टला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग तिसऱ्या डोसचा प्रश्न आला. जुलै २०२१ मधे इस्रायलने तिसरा डोस सुरू केला, सप्टेंबरमधे ब्रिटनने आरोग्य कर्मचाऱ्यांना द्यायचं ठरवलं. आपल्याकडे उत्तर एकच, आधी सगळ्यांचे दोन डोस होऊ देत. जून-जुलैमधे ते बरोबर होतं, तेव्हा गावोगावी लोक पहाटेपासून रांगेत उभे राहून लस न मिळता परत जात होते. पण २१ ऑक्टोबरला देशात १०० कोटी डोस पूर्ण झाले. आरोग्य कर्मचारी सगळे मिळून साधारण एक कोटी, म्हणजे शंभरातला एक डोस! तो तेव्हा देता आला असता असं मला आजही ठामपणे वाटतं. ज्यांनी पहिल्या दोन महिन्यांत डोस घेतले होते त्यांचं संरक्षण सगळ्यात आधी ओसरणार हेही तोवर बाहेरच्या देशांच्या अनुभवावरून दिसत होतं.

शेवटी २५ डिसेंबरला घोषणा झाली, १० जानेवारी २०२२ पासून 'प्रिकॉशन डोस' म्हणजे तिसरा डोस, अट अशी की दुसऱ्या डोसला नऊ महिने म्हणजे ३९ आठवडे झालेले हवेत. खरा घोळ इथे आहे. फेब्रुवारी-मार्चमधे दोन्ही डोस झालेले लगेच पात्र ठरले. पण पहिला डोस घेऊन एप्रिलमधे जो वॉर्डात काम करताना पॉझिटिव्ह आला त्याचं काय? मे २०२१ च्या नियमाप्रमाणे बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं होतं. त्याप्रमाणे तो थांबला, दुसरा डोस जुलै-ऑगस्टमधे झाला, आणि तिसऱ्याची तारीख गेली एप्रिल-मे २०२२ वर. एकदा आजारी पडल्याने थोडी प्रतिकारशक्ती आली असेल हे खरं, पण आधी कोविड होऊन गेलेल्यांनाही ओमिक्रॉन गाठत होता. शिवाय एप्रिल २०२१ मधे आरोग्य कर्मचारी म्हणून नवीन नोंदणीच बंद केलेली, त्यामुळे नंतर भरती झालेल्या कंत्राटी सिस्टर, मामा, मावश्या यांची ॲपवर नोंद सर्वसाधारण नागरिक अशी. त्यांना नोकरीचं सर्टिफिकेट घेऊन सेंटरवर जा असं सांगितलं, आता ठेकेदाराकडून असं सर्टिफिकेट आणणं किती सोपं असतं ते हॉस्पिटलात काम केलेल्याला विचारा.

त्यात भर म्हणजे नीट पीजीचं (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचं) काउन्सेलिंग कोर्टात अडकल्याने रेसिडेंटची एक अख्खी बॅच आलेलीच नव्हती, ते सुरू झालं १२ जानेवारीला. आधीच माणसं कमी, त्यात रोज पाच-दहा जणांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह, की उरलेल्यांनी डबल ड्यूटी करायची, थकायचं आणि मग त्यांचाही रिपोर्ट यायचा. ५ जानेवारीला होम आयसोलेशन दहावरून सात दिवसांवर आणलं म्हणून थोडं निभावलं.

नऊ महिन्यांची अट सहा महिन्यांवर आली ती जुलै २०२२ मधे. तोवर ओमिक्रॉनची लाट केव्हाच ओसरली होती, आणि २०२१ च्या ऑगस्टमधे दुसरा डोस घेतलेल्यांची जुन्या नियमानेच मुदत भरलेली होती.