कागदावरचा कॉड

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी देशाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या समुद्रात नॉर्दर्न कॉड मासा धरण्यावर बंदी जाहीर केली. जवळजवळ पाचशे वर्षं चाललेला धंदा थांबला आणि सुमारे ३० हजार माणसांची रोजीरोटी गेली. बंदी दोन वर्षांपुरती होती. ती उठायला २०२४ साल उजाडलं.

अतोनात मासेमारी झाली, हे खरंच आहे. एकट्या १९६८ साली, मुख्यतः परदेशी ट्रॉलरांनी, आठ लाख टन कॉड उपसला. पण १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी आपल्या ताब्यात घेतली. तेव्हापासून राजधानी ओटावात दरवर्षी शास्त्रीय हिशेबाने कोटा ठरू लागला. एवढी देखरेख असताना साठा संपलाच कसा?

समुद्रातले मासे मोजता येत नाहीत, त्यांचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी दोन आधार होते: सरकारी जहाजाचं सर्वेक्षण, आणि ट्रॉलरला तासाभरात मिळणारा मासा. खरी फसगत दुसऱ्या आधाराने केली. कॉडची संख्या घटली की उरलेले मासे विरळ होऊन पांगत नाहीत, थोड्याच जागेत दाटीने गोळा होतात. ट्रॉलर ध्वनिलहरींनी नेमका तोच थवा शोधतो. समुद्र रिता होत असतानाही त्याचं जाळं भरूनच वर येतं, आणि हिशेबात साठा भरपूर दिसतो.

किनाऱ्यावर मात्र वेगळंच दिसत होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कॅपलिन नावाचे छोटे मासे अंडी घालायला थेट पुळणीवर येतात आणि त्यांच्या मागे कॉड येतो. छोट्या होड्यांवाले खडकांजवळ जाळी लावून त्याची वाट बघतात. जाळं एका जागी असल्यामुळे मासा कमी आला की ते लगेच कळतं. १९८०च्या दशकात हे लोक सांगत होते की मासा घटलाय आणि लहानही होत चाललाय. १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतंत्र जीवशास्त्रज्ञांकडून हिशेब तपासून घेतला. साठा फुगवून धरला जातोय, असं त्यांनीही सांगितलं. सरकारी यंत्रणेने ते मनावर घेतलं नाही. पुढे १९८९ साठी सरकारी शास्त्रज्ञांनीच सव्वा लाख टनांच्या कोट्याचा सल्ला दिला, तेव्हा कारखाने बंद पडतील या धास्तीने कोटा २ लाख ३५ हजार टन ठेवला गेला.

त्याच सुमारास पाणी विलक्षण गार झालं आणि कॅपलिनही कोसळला. कॉडच्या ऱ्हासात कशाचा वाटा किती, यावर अजून वाद आहेत. कॉड गेल्यावर खेकडा आणि कोळंबी इतकी वाढली की मासळीतून मिळणारा एकूण पैसा पूर्वीपेक्षा जास्त झाला. अर्थात कॉडवर जगणाऱ्या सगळ्याच गावांना त्यातला वाटा मिळाला नाही.

ते सरकारी शास्त्रज्ञ अडाणी नव्हते, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. उत्तरेकडच्या लॅब्राडॉर किनाऱ्यापासून दक्षिणेकडच्या ग्रँड बँक्स या उथळ भागापर्यंतच्या अफाट समुद्राला एकच आकडा लावला, की त्यातली चूक सगळीकडे एकदमच लागू होते. मग ती दाखवून द्यायला वेगळ्या रीतीने चाललेला एखादा उपसागरही उरत नाही. चूक दिसत होती ती खाड्याखाड्यांतल्या जाळ्यांत, आणि तिथून ओटावाच्या टेबलापर्यंत वाट नव्हती.

ती वाट १९९५ मध्ये तयार झाली. बंदीच्या काळातही निवडक मच्छीमार ठरलेल्या जागी, ठरलेल्या जाळ्यांनी कॉड धरू लागले. त्याची लांबी मोजून ते नोंदी शास्त्रज्ञांकडे पाठवू लागले, आणि साठ्याच्या हिशेबात त्या नोंदी धरल्या जाऊ लागल्या.