‘मा बेल’चं घर फुटलं कसं

आज ‘एटी अँड टी’ या नावाने अमेरिकेत मोबाइल सेवा देणारी कंपनी ही मूळची एटी अँड टी नव्हे. २००५मध्ये टेक्सासमधल्या एसबीसी या टेलिफोन कंपनीने जुनी एटी अँड टी विकत घेतली आणि तिचं नाव स्वतःला लावलं. एसबीसी ही त्याच घरातून, म्हणजे ‘मा बेल’ (बेल आई) या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एटी अँड टीच्या समूहातून, वाटणी होऊन बाहेर पडलेली लेक. त्या वाटणीची मुळं बरीच जुनी आहेत.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ला. दुसऱ्याच वर्षी कंपनी उभी राहिली. लांब पल्ल्याच्या तारा टाकण्यासाठी १८८५मध्ये काढलेली तिची शाखा म्हणजे एटी अँड टी. १८९९अखेर तीच साऱ्या समूहाची मुख्य कंपनी झाली. दरम्यान पेटंटची मुदत संपली होती आणि गावोगावी स्वतंत्र टेलिफोन कंपन्या निघाल्या होत्या. एकाच शहरात दोन कंपन्या, आणि एकीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे! एटी अँड टीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी १९०७पासून यावर एकच उत्तर मांडलं: संपूर्ण देशाला एकच यंत्रणा. १९१३मध्ये सरकारशी समझोता झाला. कंपनीने वेस्टर्न युनियन या तार कंपनीतला हिस्सा सोडायचा, स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारा खुल्या करायच्या; बदल्यात मक्तेदारीविरोधी खटला टळला.

या मक्तेदारीने बरंच दिलं, हे मान्य करायलाच हवं. १९४७मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला तो तिच्याच बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेत. पण घरातला फोनही कंपनीचाच असे, ग्राहक फक्त भाडं भरी. कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू फोनला जोडायला बंदी होती.

माझ्या मते खरी फूट इथे पडली. ‘हश-अ-फोन’ नावाचं एक साधं कपासारखं साधन होतं. ते रिसीव्हरवर बसवलं की बोलणं शेजारच्याला ऐकू जात नसे. त्यात वीज नाही, तार नाही. तरी कंपनी त्याविरुद्ध लढली, आणि १९५६मध्ये न्यायालयात हरली. पुढे टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी रेडिओ-संच टेलिफोनला जोडणारं ‘कार्टरफोन’ आणलं. रिसीव्हर त्याच्या खोबणीत ठेवला की नुसत्या आवाजाने संभाषण पलीकडे जाई. १९६८मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. इतरांनी बनवलेली उपकरणं, अगदी संगणकाला फोनच्या तारेवरून बोलतं करणारा मोडेमसुद्धा, टेलिफोनच्या तारेला जोडण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

लांब पल्ल्याच्या सेवेत एमसीआय ही स्पर्धक कंपनीही शिरली. १९७४मध्ये सरकारने एटी अँड टीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला, १९८२मध्ये तडजोड झाली, न्यायाधीश हॅरल्ड ग्रीन यांनी वाटणीवर देखरेख केली. १ जानेवारी १९८४ला स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांब पल्ल्याची सेवा, कारखाने आणि बेल लॅब्ज एटी अँड टीकडे राहिले. त्या सातांपैकी साउथवेस्टर्न बेल म्हणजेच पुढची एसबीसी.