खाडीपर्यंत उतरा, फेरीबोटीने पलीकडे जा : दापोली-गुहागरचे शांत सायकलरस्ते

आमच्याकडे सायकल भाड्याने घ्यायला येणारी पुण्या-मुंबईची मंडळी पहिला प्रश्न एकच विचारतात : "रस्त्यावर गाड्या किती असतात?" त्याचं खरं उत्तर या पत्रकात दिलं आहे. निघण्याआधी एकदा शांतपणे वाचा.

गाड्या अजिबात नसतील असं आम्ही सांगत नाही. एसटी असते, मासळीचा टेम्पो असतो, शाळेची रिक्षा असते. पण लांबच्या प्रवासाला निघालेली, घाईत असलेली, हॉर्न वाजवत अंगावर येणारी वाहतूक या रस्त्यांवर फारशी नसते. त्याचं कारण खाड्या. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून आत, पोलादपूर-खेड-चिपळूण असा जातो, आणि अवजड वाहनं तोच धरतात. किनाऱ्याने दक्षिणेकडे जायचं म्हटलं तर बाणकोटला सावित्री, अंजर्ल्याला जोग नदी, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री आडवी येते. जोग नदीवर पूल आहे, पण दाभोळ आणि जयगडला आजही फेरीबोटच आहे. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. खाडीच्या तोंडाशी येऊन संपणारा रस्ता कोणता ट्रकवाला धरेल? म्हणून तो गावातल्या माणसांना आणि सायकलवाल्यांना उरतो.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कामं पुढे सरकत आहेत, त्यात या खाड्यांवरही पूल व्हायचे आहेत. पूल झाले की गावांची मोठी सोय होईल, आजारी माणसाला वेळेवर दवाखाना गाठता येईल. आमची त्याला तक्रार नाही. पण फेरीबोटीवर सायकल टेकवून खाडी ओलांडायची असेल तर ती आताच ओलांडा.

चढाबद्दल आधीच सांगतो

"समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट" हा समज घेऊन आलेल्या माणसाचा पहिला दिवस वाईट जातो. दापोली सुमारे ८०० फुटांवर आहे. वर जांभ्याचा सडा म्हणजे उघडं कातळाचं पठार, खाली गाव आणि खाडी, आणि रस्ता या दोहोंत सारखा वर-खाली करतो. एका गावातून निघालात की सड्यावर चढायचं, दहा-पंधरा मिनिटं वाऱ्यात मोकळं चालवायचं, मग वळणावळणांनी पुन्हा माडांत उतरायचं. घाटासारखा एक लांब चढ नाही, आखूड आणि उभे चढ मात्र बरेच. ५० किलोमीटरच्या दिवसात ७००-८०० मीटर चढ सहज जमा होतो. घरी रोज ८० किलोमीटर चालवणाऱ्यांनाही आम्ही पहिल्या दिवशी ४५-५० च्या पुढे जाऊ नका असं सांगतो. ज्यांनी ऐकलं नाही त्यांतल्या निम्म्यांना आम्ही संध्याकाळी टेम्पो घेऊन आणायला गेलो आहोत. चढावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा काही नाही. आम्हीही ढकलतो.

आम्ही सुचवतो ते रस्ते

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही दापोली-आसूद-हर्णै-अंजर्ले-आडे-केळशी हा रस्ता देतो. आसूदपर्यंत जवळजवळ सगळा उतार. तिथे सायकल कुलूप लावून ठेवा आणि केशवराजाच्या देवळाला पायी जा : पोफळीच्या बागांतून खाली, वहाळावरच्या साकवावरून पलीकडे आणि पायऱ्या चढून वर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या कितीतरी बागा एका दुपारी आडव्या केल्या. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे वाटेत आगरांमध्ये, म्हणजे माड-पोफळीच्या बागांत, जी बारीक, सारख्या उंचीची रोपं दिसतात ती त्या वादळानंतरची लागवड. सावली अजून पूर्वीइतकी नाही, डोक्याला टोपी हवीच.

हर्णैला बंदरावर मासळीचा लिलाव सकाळी आणि संध्याकाळी होतो. बघण्यासारखा आहे, समोर सुवर्णदुर्गही दिसतो. पण त्या वेळी बंदराच्या रस्त्यावर टेम्पोंची गर्दी असते आणि मासळीच्या पाण्याने डांबर निसरडं झालेलं असतं. चाकाखाली ते पाणी आलं की ब्रेक दाबूनही उपयोग नाही. तेवढा भाग उतरून चाला. पूल ओलांडून अंजर्ल्यात गेलात की कड्यावरच्या गणपतीचा चढ. उजव्या सोंडेची ही मूर्ती आहे त्या कड्यावरून मागे पाहिलंत तर हर्णैचा सगळा किनारा एका नजरेत येतो. अंजर्ल्यापासून केळशीपर्यंतचा तुकडा आमच्या मते सगळ्या तालुक्यात उत्तम. डावीकडे समुद्र, उजवीकडे सडा, आणि शनिवार-रविवार सोडला तर अर्धा-अर्धा तास एकही चारचाकी भेटत नाही. केळशीत मुक्काम करा. त्याच दिवशी परतायचा हट्ट धरलात तर सगळा उतार चढ होऊन समोर येईल, तोही भर उन्हात.

लहान मुलं बरोबर असतील किंवा बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसत असाल, तर मुरूड आणि कर्दे. जवळजवळ सपाट, गडग्यांमधून म्हणजे दगडी कुंपणांमधून जाणारा, दोन्ही बाजूंना आगरं असलेला रस्ता. महर्षी कर्वे या मुरूडचे. शाळकरी वयात परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्याला पायी गेले होते, चढउताराचा हा मुलूख तुडवत. शनिवार-रविवारी मात्र इथे पर्यटकांच्या गाड्या असतात, सकाळी सातच्या आत फिरून या.

तिसरा रस्ता दोन किंवा तीन दिवसांचा, आणि आमचा सगळ्यांत आवडता. दापोलीहून लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. फेरीबोटीने धोपावे. तिथून गुहागर. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. पुन्हा फेरीबोट, जयगड. मग मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या समुद्राकडेच्या चढावरून रत्नागिरी. हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ बहुतेक जण पाहतात, बामणघळ मात्र वेळेअभावी सोडतात. सोडू नका. भरतीच्या वेळी कातळातल्या त्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. भरतीची वेळ आम्ही निघताना लिहून देतो. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. जयगडला बंदराकडून निवळीकडे जाणारे अवजड ट्रक असतात. फेरीतून उतरल्यावर त्या रस्त्याला लागू नका, मालगुंडकडे वळा. संपूर्ण मार्गावर गाड्यांची भीती वाटावी अशी जागा ही एवढीच.

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने परत जाता येतं. आमची सायकल तिथे ठेवायची ठरली असेल तर आम्ही येऊन घेऊन जातो.

खेड-दापोली रस्त्याने आम्ही कुणालाही सायकलने पाठवत नाही. तालुक्याची सगळी मालवाहतूक त्याच रस्त्याने होते. खेड स्टेशनवर उतरत असाल तर आदल्या दिवशी कळवा, गाडीने आणू.

फेरीबोटीवर

दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. सायकलचं तिकीट वेगळं आणि किरकोळ असतं. खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. उतरताना जपा. बोटीचा पुढचा लोखंडी उतरता पत्रा ओला असतो, आणि भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा उतार बदलतो. त्यावर सायकल चालवू नका, हाताने न्या. आधी मोटारी उतरू द्या, त्यांच्यामागून शेवटी निघा, म्हणजे धक्क्यावरचा पहिला चढही रिकामा मिळतो. पावसाळी हवेत किंवा समुद्र खवळला असेल तर फेऱ्या बंद राहतात, म्हणून त्या दिवशीची वेळ सकाळी विचारूनच निघा. शेवटची फेरी गाठायच्या बेतावर दिवस आखू नका.

केव्हा यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगले. मार्चपासून ऊन आणि दमटपणा दोन्ही वाढतात : घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. सकाळी सहाला निघून दहा-साडेदहाला सावली धरा. नुसतं पाणी पिऊ नका, त्यात मीठ-साखर हवी. मीठ घातलेलं कोकम सरबत वाटेत घरोघरी मिळतं. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरलेल्या पिकअप सकाळ-संध्याकाळ घाईत असतात, त्यांना वाट द्या. शिमग्यात पालखी रस्त्यात आली तर बाजूला उतरा, चप्पल-बूट काढा आणि ती पुढे जाईपर्यंत थांबा.

जून-जुलैत आम्ही सायकली देत नाही. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा भाग याच दोन महिन्यांत. तांबड्या मातीचं पाणी ब्रेकच्या रबरावर सँडपेपरसारखं घासतं. एका पावसाळ्यात दाभोळच्या उतारावर माझे नवे ब्रेक दोन दिवसांत संपले आणि शेवटचं वळण मी पाय घासत घेतलं. तो अनुभव ग्राहकाला यावा असं मला वाटत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस ओसरला की मात्र नक्की या. सड्यावर तेरडा आणि सीतेची आसवं फुललेली असतात. फोटोसाठी त्या गालिच्यावर सायकल आडवी टाकू नका. कातळावरची माती जेमतेम बोटभर असते.

सायकल आणि सामान

आमच्या सायकलींना ३२ मिलिमीटरचे टायर आहेत, आणि मागे मोठी चकती, म्हणजे उभ्या चढावर पाय फिरत राहतो. स्वतःची रेसर आणणार असाल तर टायर २८ पेक्षा अरुंद नको. वळणांवर कडेला जांभ्याची बारीक खडी साचलेली असते, तिच्यावर पातळ टायर घसरतो. दोन ट्यूब, पंप आणि पॅच आम्ही देतो. तुमच्या सायकलला बारीक फ्रेंच व्हॉल्व असेल तर ट्यूब घरून आणा, इथल्या दुकानांत मिळत नाही.

खाली उतरलं की मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. आणि नकाशाने "जवळची वाट" दाखवली तर विश्वास ठेवू नका. ती बऱ्याचदा पाखाडी निघते, आणि मग चिऱ्यांच्या शंभर पायऱ्या सायकल खांद्यावर घेऊन चढाव्या लागतात. वाट वाडीतल्या माणसाला विचारा.

बुकिंग करताना तुमची उंची, गेल्या महिन्यात एका दिवसात सर्वांत जास्त किती किलोमीटर चालवलंत ते, आणि गुडघ्याचं किंवा हृदयाचं काही दुखणं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. त्यावरून आम्ही रस्ता आणि मुक्काम ठरवतो. दरपत्रक सोबत जोडलं आहे. परत देताना सायकल धुऊन आणू नका, ते आमचं काम. कुठे काही आवाज येत होता का, कुठला गिअर अडकत होता का, एवढं फक्त सांगा.